तीन नळ्या आणि पिवळा पटका

चौसाळा
१८ नोव्हेंबर २०२४

सख्ख्या भावाच्या काळजाची खबर मला बस स्टँडवर, फळाच्या गाड्यापुढं उभी असताना, हबीबकडून कळावी ही कुठली रीत रे आप्पा? मी पपई दाबून बघत व्हते. हबीब म्हणतो, "सत्यभामाबाई, भावाची तब्येत कशी हाय आता? अंबाजोगाईच्या दवाखान्यात दिसलते. वहिनी रडत व्हत्या." मी तोंडावर काही दिसू दिलं न्हाई. म्हणलं, बरी हाय. मलाच काही मालूम न्हाई तर मी त्याला सांगू काय? पपई तिथंच ठेवली आणि घरी आले.

घरी येऊन फोन केला तर तू म्हणालास गॅस झालाय. गॅस झालेल्या माणसाच्या मनगटातून तार घालून काळजाचा फोटो काढत्यात का? तू फोन स्पीकरवर टाकतोस आणि मंगल मागं बसलेली असती, ते तुझ्या ध्यानात राहत न्हाई. तिनं मागून सगळं ओरडून सांगितलं. तीन नळ्या चोंदल्यात, साखर वाढलेली, आणि डॉक्टर म्हणतो छाती उघडून बायपास करा. मंग तू फोन ठेवून दिलास.

म्हणून हा कागद. फोनवर तू "हां अक्का, हां अक्का" करतोस आणि तोडतोस. कागद मधीच तोडता येत न्हाई. मी म्हातारपणी साक्षरतेच्या वर्गात जायचे तवा तू हसायचास, अक्का आता कलेक्टर व्हणार म्हणून. कलेक्टर झाले न्हाई, पण तुला दमात घेण्यापुरतं लिहायला येतं.

आता ऐक. छाती बिती फाडून घेऊ नको. हबीबच्या भावाला अशीच तकलीफ झालती. त्याला मनगटातूनच एक स्प्रिंग बसवली, आणि आठवडा झाला न्हाई तर गडी पुन्हा गाड्यावर उभा. मी डोळ्यानं बघितला, केळीचा घड उचलत व्हता. तू बी तशीच स्प्रिंग बसवून घे. तुझ्या डॉक्टरला कापायची हौस आसंल, आपल्याला कापून घ्यायची न्हाई.

मंगलला म्हणावं रडू नको. रडल्यानं नळ्या मोकळ्या व्हत न्हाईत.

सत्यभामा


वाडी, धर्मापुरीजवळ
२५ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप अक्कास आप्पाचा साष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. माझ्या मनगटाला अजून ठणका हाय म्हणून मंगलकडून लिहून घेतो.

अक्का, तू म्हणतीस तेच बरोबर हाय. घरात वडीलधारं माणूस तूच राहिलीस, तुझ्या शब्दाबाहेर मी कावून जाऊ? बायपास करायचीच न्हाई. स्टेंटच टाकून घेतो. लातूरला एक डॉक्टर हायेत, ते टाकतो म्हणतेत. मोठ्या डॉक्टरांनी आडकाठी घातलीय, पण तूच सांगितलंस म्हणल्यावर विषय संपला. कुणी विचारलं तर मी सांगणार, अक्काचा हुकूम हाय.

चैताच्या जत्रेपर्यंत मी खुशाल ठणठणीत व्हतो. तू दरसालापरमाणं पारावर बसून, मी बारा गाड्या ओढताना बघायला ये. तुझी जागा धरून ठेवतो.

साखर कमी केलीय. काळजी करू नये.

आपला आज्ञाधारक,
आप्पा

अक्का, त्यांनी सांगितलं तसं लिहिलंय. मी माझ्या पदरचं काही घातलं न्हाई. – मंगल


चौसाळा
३० नोव्हेंबर

संस्कृती,

तू पत्राला हसशील, पण हसून झाल्यावर वाच. तुझ्या आप्पा आजोबानं माझं ऐकलं. त्याला चालता यायला लागल्यापासून त्यानं माझं एक ऐकलेलं मला आठवत न्हाई. पोहू नको म्हणलं तर विहिरीत उडी मारली, तंबाखू सोड म्हणलं तर डबी बदलली. आणि आता माझ्या एका कागदावर म्हणतो, तुझ्या शब्दाबाहेर न्हाई. वर स्वतःला आज्ञाधारक लिहितो. म्हणून तुला लिहायला बसले.

तू काळजाच्या वार्डात नर्स हाईस. रोज असली माणसं तुझ्या हाताखालून जात्यात. आप्पाचे कागद मंगलनं तुला फोनवर पाठवलेत म्हणं. मला सांग, मी त्याला स्प्रिंग बसव म्हणलं ते बरोबर केलं का चूक? पुस्तकातलं नको. तुला वार्डात जे दिसतं ते सांग. आणि मला बरं वाटावं म्हणून लिहू नको, मला बरं वाटायची घाई न्हाई.

तुझी आजी


छत्रपती संभाजीनगर
५ डिसेंबर

प्रिय आजी,

हसले नाही. मंगलआजीने कागद पाठवले आणि तुला समजावून सांगायला सांगितलं, म्हणून लिहिते. इथल्या डॉक्टरांनाही दाखवले.

तू म्हणालीस तशी स्प्रिंग, म्हणजे स्टेंट, ही वाईट गोष्ट नाही. हबीबचाचांच्या भावाला ती योग्यच होती. पण त्यांची एकच नळी अडली होती आणि त्यांना साखर नाही. आप्पा आजोबांच्या तिन्ही मुख्य नळ्या खराब आहेत आणि साखर कित्येक वर्षांपासून आहे. साखरेच्या माणसाची नळी एका जागी बंद होत नाही. ती लांबवर, आतून खरबडीत होत जाते. स्टेंट फक्त तेवढी एक जागा उघडी ठेवतो. त्याच्या अलीकडे-पलीकडे पुन्हा अडतं, कधी स्टेंटच्या आतसुद्धा. बायपासमध्ये दुसरी नळी अडलेल्या भागाच्या पार पुढे नेऊन जोडतात. एक छातीच्या आतल्या बाजूची घेतात, बाकीच्या पायातून. मग मागच्या भागात उद्या नवा अडथळा आला तरी पुढे रक्त पोचतं. म्हणून अशा पेशंटमध्ये बायपास झालेली माणसं जास्त जगतात आणि त्यांना पुन्हा झटका कमी येतो. हे आता नुसतं एका डॉक्टरचं मत राहिलेलं नाही.

पण तुला खरं हवंय, तर दुसरी बाजूही लिहिते. ऑपरेशन मोठं आहे. त्या वेळी अर्धांगवायूचा धोका स्टेंटपेक्षा थोडा जास्त असतो. थोडी माणसं टेबलावरून परत येत नाहीत. साखर ताब्यात नसेल तर जखम चिघळते. छातीचं हाड जुळायला दोन-तीन महिने जातात, तोवर वजन उचलायचं नाही. माणूस फार थकलेला असता, किंवा एखादीच नळी असती, तर मीच म्हणाले असते स्टेंट करा. आजोबांचं हृदय अजून चांगलं आहे. हीच वेळ आहे.

आणखी एक गोष्ट कागदात आहे. ती मी सांगणं बरोबर नाही. आजोबांनाच विचार.

तुझी,
संस्कृती


चौसाळा
१२ डिसेंबर

आप्पा,

मी चुकले. लिहून देते, जपून ठेव, पुन्हा मिळायचं न्हाई. हबीबच्या भावाचं बघून मी तुझं औषध ठरवलं. त्याला साखर न्हाई, त्याची एकच नळी गेलती. मी केळीचा घड बघितला, माणसाच्या आत काय ते बघितलं न्हाई.

आता तुझ्याकडं येते. आपल्या मोसंबीची ठिबकची नळी आठव. बोअरचं खारं पाणी, आतून क्षार धरायचे. पहिल्या साली तू एकेका छिद्रात तार घालून मोकळं करायचास. आज हे झाड, उद्या ते झाड. निम्मी झाडं वाळली तवा अक्कल आली आणि नवी नळी टाकलीस. झाडाला जे कळलं ते तुला स्वतःच्या काळजाबद्दल कळंना व्हय?

न्हाई, तुला कळतंय. म्हणून तर मागलं पत्र मंगलच्या अक्षरात आलं. मनगट दुखतंय म्हणं! तार घातली उजव्या हातात आणि तू लहानपणापासून डावरा. खोटं बोलायचं आसलं की तू दुसऱ्याच्या हातानं बोलतोस. लहानपणी बी आपल्या बापाला, दादांना सांगायला मला पुढं करायचास.

मला ठाऊक हाय तू कशाला भ्यालास. मरणाला न्हाई. तू चैताला भ्यालास. बारा गाड्या एकामागं एक जोडणार, त्याच्यावर पोरंसोरं चढणार, आणि कमरेला पिवळा पटका बांधून, उघड्या अंगाला भंडारा लावून तू जुवापुढं उभा राहणार. छाती गळ्यापासून खालपर्यंत शिवलेली आसली तर सगळ्या जत्रेला दिसणार. मंग लोक म्हणणार, आप्पाचं अंग तुटलं, आता देवाच्या जुवाला ह्याचा हात नको. एवढ्यासाठी तुला मनगटातली स्प्रिंग पायजे. भोक बी दिसत न्हाई.

आणि ओढतोस तू काय रे? मागून अख्खं गाव ढकलतंय. तू पुढं तोंड वासून पळतोस.

संस्कृती म्हणती कागदात आणखी काही हाय आणि ते तूच सांगायचं. सांग. ह्या वेळी तुझ्या अक्षरात.

सत्यभामा


वाडी
२० डिसेंबर

अक्का,

माझ्याच हातानं लिहितोय, बघ. समाधान झालं?

"ढकलतंय" हे तू कागदावर लिहिलंस. तोंडानं म्हणली असतीस तर सोडून दिलं असतं. दादांनी ओढल्या, मी ओढतोय. दादा गेले त्या साली सुतकातून उठून ओढल्या. ढकलणारे ढकलत्यात, पण जुवाला मान कुणी लावायची ते देव ठरवतो.

आणि नियम मी केला न्हाई. तुटकं अंग जुवाला चालत न्हाई, हे गावाचं हाय. सुंदररावच्या बापाची दोन बोटं कडबा कापायच्या कुट्टीत गेली, तवा दादांनीच चावडीवर हे सांगितलं आणि गाड्या ओढायचा मान त्यांच्या घरातून आपल्या घरात आला. तू लहान व्हतीस तरी तुला आठवत आसंल. त्याच नियमानं मिळालेली गोष्ट त्याच नियमानं जाणार. मी कापून घेतलं तर चैताला सुंदरराव दारात येऊन पटका मागणार. त्याच्या बापानं गप खाली मान घालून दिलता. मी देऊ? त्याच्या हातात?

तू विचारलंस म्हणून सांगतो. तीन वर्षामागं मी सोलापूरला मोतीबिंदू काढायला गेलतो ना? डोळ्याला काही झालं न्हवतं. तवाच एक स्टेंट टाकलाय. मंगल सोडून कुणाला ठाऊक न्हाई. तू विचारायचीस, दिसतंय का नीट, आणि मी म्हणायचो, हां, आता सुईत दोरा ओवतो.

आणि त्या चैताला मी गाड्या ओढल्या. स्टेंट टाकलेल्या छातीनं. कुणाला कळलं का? तुला तरी कळलं? मंग आता दोन-तीन आणखी टाकले तर काय बिघडतंय? आणि नळीचं म्हणशील, तर नवी नळी टाकली तरी पाणी तेच खारं. ती बी चोंदणारच. मंग छाती कावून फाडू?

ह्याचं उत्तर आसंल तर दे.

आप्पा


चौसाळा
२ जानेवारी २०२५

आप्पा,

म्हणजे तू महिनाभर काळा चष्मा लावून हिंडलास ते नाटक व्हतं. लग्नात, बाजारात, अंधाऱ्या देवळात सुदिक. मी तुझ्यासाठी गाजराचा कीस करून पाठवायचे, डोळ्याला चांगला म्हणून, आणि तू साखरेचा माणूस तो गुळात घोळून खायचास. मंगलनं सांगितलं. दुखत व्हतं तुझं काळीज आणि तुझ्या डोळ्याचं मी करत बसले.

उत्तर पायजे व्हतं ना. घे.

पयलं. तू म्हणतोस स्टेंट टाकून बी चाललं. आरे, चाललं आसतं तर आज तू दवाखान्यात कावून गेलतास? संस्कृती सांगती, तुझी तीनातली एक नळी तीच हाय, जी उघडली व्हती. म्हणजे आपल्या घरात ही परीक्षा झालेली हाय आणि तू नापास झालेला हाईस. तरी पुन्हा त्याच पेपराला बसतो म्हणतोस.

दुसरं. पाणी खारं हाय ते खरं. हे तू पयल्यांदा शहाण्यासारखं बोललास. मंग पाणी बदल. चहात साखर, जेवणावर गूळ, जत्रेत पेढे, हे बंद कर आणि गोळी टाळू नको. ते नव्या नळीला बी लागतं आणि जुन्या नळीला बी. पाणी खारं हाय म्हणून चोंदलेलीच नळी ठेवतो, असं कुठला शेतकरी म्हणल?

तिसरं. हे वाचून तू कागद फेकशील, म्हणून खाली बसून वाच. मी सुंदररावकडं गेलते.

परवा बस धरून वाडीला आले. तुझ्या दारात कुत्रं माझ्यावर भुंकलं, तेवढी भेट पुरे म्हणलं आणि सरळ पुढं गेले. सुंदरराव ओट्यावर शेंगा फोडत व्हता. मला बघून उठला, बाज टाकली, सुनेला चहा सांगितला. मी म्हणलं, "चहा मागून. आधी विचारते. आप्पाची छाती उघडायची म्हणत्यात. उघडली तर तू पटका मागणार का?"

तो म्हणाला, "अक्का, हे तुला आप्पानं विचारायला पाठवलं का?"

म्हणलं, "त्याला कळलं तर तो मलाच जुवाला बांधंल."

हसला. मंग शेंगा बाजूला सारल्या. म्हणाला, "माझ्या बापाची दोन बोटं गेली. करंगळी आणि तिच्या शेजारचं. त्या हातानं त्यानं पुढं बारा-पंधरा वरसं नांगर धरला, मला शाळेत घातलं, घर बांधलं. पण चावडीवर तुमच्या दादांनी सांगितलं, तुटकं अंग देवाला चालत न्हाई. आमी पटका दिला. माझा बाप पुन्हा जत्रेला गेला न्हाई. दर चैताला घरात बसून तो हलगी ऐकायचा. आता तू विचारतीस, तर तुमचंच उत्तर तुमाला देतो. चालत न्हाई."

आप्पा, माझ्या तोंडाचं तुला ठाऊक हाय. गावच्या सरपंचाला मी गप्प बसवलेलं हाय. पण तिथं नुसता चहा प्याले आणि निघाले.

बसमधी विचार करत आले. नियम येडा हाय, हे मला तवा बी दिसत व्हतं, आज बी दिसतंय. दोन बोटांनी देवाचं काय बिघडतं? पण नियम येडा हाय असं म्हणायचा हक्क सुंदररावला हाय. आपल्याला न्हाई. आपण त्याचं खाल्लं, त्याच्यावर मिरवलो, आणि आता आपल्या छातीवर आला तर म्हणायचं न्हाई न्हाई, हे चुकीचं हाय? मला लाज वाटंल.

म्हणून मी तुला सांगायला आले न्हाई की मान राहील. मान जाणार. छाती उघडलीस तर पटका त्याच्या घरी जाणार आणि तो घ्यायला हक्कदार हाय. आता तू ठरव, पटका ठेवून जायचं का पटका देऊन राहायचं. मंगल काय म्हणंल, मी काय म्हणंल, डॉक्टर काय म्हणंल, ते सगळं बाजूला ठेव. तुझी छाती हाय.

सत्यभामा


वाडी
४ फेब्रुवारी

अक्का,

महिना झाला, तुला उत्तर दिलं न्हाई. तुझं पत्र फेकलं खरं. मंगलनं उचलून देवाच्या फळीवर ठेवलं. रागानं बेजार झालतो. माझ्या आजाराचा डांगोरा तू सुंदररावच्या ओट्यावर पिटलास, एवढंच डोक्यात व्हतं. तुझा फोन आला की मी मंगलला सांगायचो, शेतात गेलेत म्हण.

मंग एक दिवस येड्यासारखं केलं. कुणाला सांगू नको. देवळामागं जत्रेच्या गाड्या उभ्या असत्यात, तिथं दुपारचं कुणी नसतं. म्हणलं बघू तरी, अक्का म्हणती तू ओढत न्हाईस. एकच गाडी घेतली, मोकळी. जू खांद्यावर घेतलं. भंडारा न्हाई, हलगी न्हाई, मागं कुणी न्हाई.

हातभर सुदिक सरकली न्हाई, अक्का. छातीवर कुणीतरी पाटा ठेवल्यासारखं झालं, घाम फुटला. जू तिथंच टाकून चाकाला टेकून बसलो. जिभंखाली गोळी ठेवली. मंगल हुडकत आली. ती रडली न्हाई. म्हणाली, "झालं का बघून?" मी म्हणलं, झालं.

त्या दिवशी मला कळलं, इतकी वरसं कोण ओढत व्हतं. तू लिहिलंस तवा मला झोंबलं, कारण ते खरं व्हतं.

लातूरच्या डॉक्टरला फोन करून सांगितलं, स्टेंट टाकत न्हाई. संभाजीनगरला संस्कृतीच्या दवाखान्यात दाखवलं. तिथं काळजाचा डॉक्टर आणि कापणारा डॉक्टर दोघं एका टेबलाला बसले, फोटो बघितले, आणि दोघंबी म्हणाले बायपास. मी विचारलं, साहेब, स्टेंट टाकला तर लवकर घरी जाता येतं ना? काळजाचा डॉक्टर म्हणाला, "लवकर घरी जाल, आणि लवकर परत याल." मला तो माणूस आवडला. तुझ्यासारखा बोलतो.

आधी साखर ताब्यात आणायची म्हणून आता सुई टोचून घेतोय. बारा तारखेला ऑपरेशन हाय.

आणि काल पटका घेऊन सुंदररावकडं गेलो. त्यानं मागायच्या आधी. धुऊन, घडी करून, वर हळदीचं बोट लावून. म्हणलं, "घे. माझ्या बापानं तुझ्या बापाकडून घेतलता."

त्यानं दोन्ही हातानं घेतला, कपाळाला लावला. आत गेला. बापाच्या फोटोपुढं ठेवून आला. डोळं पुसलेलं मला दिसलं, पण मी दुसरीकडं बघितलं. मंग बाहेर येऊन म्हणाला, "आप्पा, आता पटका माझ्या घरात हाय, तर नियम बी माझा हाय. आजपासून तुटकं अंग, धड अंग हा भेद मी मोडला. माझ्या बापाच्या नावानं."

मी येडा, माझ्या तोंडातून निघालं, "मंग मला माघारी देतोस का?"

म्हणाला, "नाव काढू नको बे! चैताला बजरंग ओढंल." बजरंग म्हणजे त्याचा धाकटा. वर म्हणाला, "पण मागनं ढकलायला तू पायजेस. पुढं कोण हाय त्याच्यापेक्षा मागं कोण हाय ते बघून माझं पोरगं पळंल."

अक्का, इतक्या वरसात आमी दोघं पयल्यांदा संगं चहा प्यालो. मी बिनसाखरेचा. त्यानं बी बिनसाखरेचाच घेतला, मला कसंतरी वाटू नये म्हणून. त्याचं तोंड बघण्यासारखं झालतं.

भ्या वाटतंय. हे मी मंगलला सांगितलं न्हाई, तुला सांगतोय. माझ्याच अक्षरात.

आप्पा


चौसाळा
९ फेब्रुवारी

संस्कृतीकडं पाठवतेय हा कागद. तिला सांगितलंय, ऑपरेशनच्या आधी द्यायचा न्हाई. शुद्धीवर येऊन, नळ्या काढून, तू पाण्यासाठी भांडायला लागलास की मंग द्यायचा. म्हणजे तू हे वाचतोस, तर तू माघारी आलास.

आप्पा, तुझी तक्रार आधी. जाताना चौसाळ्यावरून गेलास आणि गाडीतून उतरला न्हाईस. काचेतून हात हलवलास. मी स्टँडवर उभी व्हते, हातात पपई. हबीबनं पैसे घेतले न्हाईत, म्हणाला, "भाईला द्या, पण साखर बघून." ती पपई मीच खाल्ली. गोड व्हती, तुला चालली बी नसती.

मी दवाखान्यात आले न्हाई ह्याचा राग धरू नको. बाहेरच्या बाकावर बसून मी काय करू? तिथं कुणाला शिव्या देता येत न्हाईत. मंगल हाय, संस्कृती हाय. मी इथं राहून तुझ्या वाट्याची तूर झोडपून घेतली. हात कामात ठेवले की डोकं गप राहतं.

आता तुला सांगते. शिवलेल्या छातीला शर्टाची गुंडी गळ्यापर्यंत लावून लपवू नको. चैताला जत्रेत उघडा उभा राहा. सुंदररावच्या बापानं दर चैत घरात बसून काढला, तसं तू करू नको. कुणी बघितलं तर बघू दे. गाड्या ढकलायच्या न्हाईत, तोवर तुझं हाड कोवळं आसंल, संस्कृतीनं मला बजावलंय. शेवटच्या गाडीला नुसता हात लाव आणि संगं चाल. मी पारावर आसंल. माझी जागा सुंदररावला धरायला सांगितलीय, तुझा भरोसा न्हाई.

तुझी भीती वाचली. ती मी कुणाला दाखवली न्हाई. मला बी वाटली, पण मी तुझ्यासारखी लिहीत बसत न्हाई.

डॉक्टरनं सह्या घेताना सांगितलं म्हणं, थोडी माणसं टेबलावरून माघारी येत न्हाईत. खरं सांगितलं ते बरं केलं. पण तू त्या थोड्यातला न्हाईस, हे मला दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं न्हाई. संस्कृतीनं फोन करू नये, मी उचलणार न्हाई. मंगलनं "ते बरे हायेत" असं लिहून पाठवू नये, मी वाचणार न्हाई. अक्षर वाकडं आलं तरी चालंल, एकच ओळ आली तरी चालंल, शिवी आसली तरी चालंल.

ह्या कागदाला उत्तर आप्पानंच द्यायचं. आपल्या डाव्या हातानं.